ग्रीस जाळणारा उतार

सायकलींचा इतिहास लिहिणारी मंडळी चढाबद्दल फार लिहितात. गिअर किती, दम किती, फ्रेम किती हलकी. मी पुण्यात सायकलच्या दुकानात वाढले, आणि आमच्याकडे गिऱ्हाईक तणतणत यायचं ते कायम ब्रेकवरून. चढ झेपला नाही तर माणूस उतरतो, सायकल ढकलत नेतो. कुणाचं काही बिघडत नाही. ब्रेक लागला नाही, तर पुढची भेट हाडाच्या डॉक्टरांकडे. त्यामुळे माउंटन बाइक जिथे घडली त्या डोंगरावर भाचीबरोबर सायकल चालवायचा योग आला, तेव्हा तिथल्या जुन्या हकिकती वाचताना नि ऐकताना माझी एकच चौकशी होती: ही माणसं थांबायची कशी?

डोंगराचं नाव माउंट टॅमलपायस. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की मरीन काउंटी लागते, आणि तिच्या मधोमध हा अडीच हजार फुटांहून थोडा उंच डोंगर. तिथले लोक नुसतं ‘टॅम’ म्हणतात. आकड्यात सिंहगडापुढे काहीच नाही, पण थेट समुद्राकाठून उठलेला असल्यामुळे अंगावर येतो. खालच्या घळींमध्ये रेडवुड, त्यावर ओक, लाल सालीचे माद्रोन, आणि बे लॉरेलची दाट झाडी. या लॉरेलचं पान चुरगळलं तर आपल्या तमालपत्राच्या जातीचा पण फारच उग्र वास येतो. माझी धाकटी बहीण जवळच सॅन राफेलला राहते. तिची लेक शाळेच्या माउंटन बाइक संघात आहे. तिने मला पहिला धडा दिला तो सायकलचा नव्हे, पॉइझन ओकचा. “मावशी, तीन-तीन पानांचं काहीही दिसलं तर हात लावायचा नाही. आणि सायकल त्याच्यावर टेकवायची पण नाही. हँडल तू नंतर धरणारच आहेस.”

ज्या रस्त्याने तिने मला वर नेलं, तो मुळात सायकलींसाठी नाही, माणसांसाठीही नाही. तो आगगाडीचा. १८९६ मध्ये मिल व्हॅली गावातून टॅमच्या माथ्यापर्यंत रेल्वे सुरू झाली. जेमतेम सव्वाआठ मैलांची लाइन आणि तिला २८१ वळणं. जगातली सगळ्यात वाकडी रेल्वे अशी तिची जाहिरात व्हायची. एके ठिकाणी डोंगर इतका अडवून उभा होता की रूळ पीळ घालत घालत पाच वेळा स्वतःच्याच शेजारून नेले. चढ मात्र कुठेही सात टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही. नेरळ-माथेरानची गाडी त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०७ ला धावली. तो जमानाच डोंगरांना रूळ गुंडाळण्याचा होता.

माझ्या दृष्टीने त्या रेल्वेतली खरी गंमत वर जाण्यात नव्हती. उतरताना लोकांना ग्रॅव्हिटी कारमध्ये बसवत. बाकांच्या काही ओळी, वर छत नाही, इंजिन नाही. पुढे एक ब्रेकमन बसलेला. तो ब्रेक सैल करी आणि डोंगर गाडी ओढून नेई. टोपी सांभाळणाऱ्या बायकांची भरलेली गाडी झाडीतून खाली घरंगळत म्यूर वूड्सच्या रेडवुड वनापर्यंत जायची. म्हणजे टॅमवर गुरुत्वाकर्षणाच्या जिवावर, ब्रेकच्या भरवशावर, मौजेखातर उतरण्याचा धंदा सायकलवाल्यांच्या कितीतरी आधीपासून चालू होता. पुढे मोटारी आल्या, डोंगरावर मोटाररस्ता झाला, १९२९ मध्ये मोठा वणवा लागला, आणि १९३० मध्ये रेल्वे बंद पडली. रूळ उखडून नेले. राहिला तो सात टक्क्यांचा, झाडीतून वळणं घेत जाणारा मातीचा रस्ता. साठीच्या बाईला दम न लागता माथ्यापर्यंत नेणारा रस्ता एका रेल्वे इंजिनिअरने आखून ठेवलाय, हे मला फार आवडलं.

वाटेत वेस्ट पॉइंट इन आहे. १९०४ मध्ये रेल्वेनेच बांधलेली लाकडी खानावळवजा धर्मशाळा. इथून समुद्राकडे जाणाऱ्या घोडागाड्या सुटत. रेल्वे गेली तरी ती टिकली. आता स्वयंसेवक चालवतात. तिच्या व्हरांड्यात बसून भाचीने मला आपल्या सायकलचे ब्रेक दाखवले. हायड्रॉलिक डिस्क. एका बोटाने लिव्हर दाबायची, नळीतलं तेल पिस्टन ढकलतं, पॅड चकतीला चिकटतात. मी म्हटलं, खोलून दाखव. ती म्हणाली, “नको, एअर शिरली तर पुन्हा ब्लीड करावं लागतं.” हल्लीच्या सायकलींची हीच तर तक्रार आहे. पण ते असो.

आता मूळ गोष्ट. १९३३ मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीने जाडजूड टायरची सायकल बाजारात आणली. २६ इंची चाक, सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद टायर, आत भरपूर हवा. कल्पना जर्मनीत पाहिलेली, गिऱ्हाईक अमेरिकेतली पोरं. मंदीचा काळ होता, सायकली खपत नव्हत्या, आणि मुलं फुटपाथवरून उड्या मारत सायकली मोडत होती. या नव्या सायकली मोडेनात. पेपर टाकणाऱ्या पोरांनी त्या वापरून वापरून जुन्या केल्या, मग त्या गराजमध्ये गेल्या, मग भंगारात. चाळीस वर्षांनी, १९७० च्या सुमाराला, मरीनमध्ये त्या पाच-दहा डॉलरला मिळत होत्या. लार्क्सपर गावच्या एका टोळक्याने त्या उचलल्या, मडगार्ड, टाकीसारखं दिसणारं खोटं पत्र्याचं झाकण, स्टँड, जे निघेल ते काढून फेकलं आणि उरलेलं टॅमवर चढवलं. चढवलं म्हणजे ढकललं, नाहीतर कुणाच्या ट्रकमधून नेलं. त्या सायकलींना एकच गिअर होता आणि वजन पन्नास पौंडांच्या घरात. उतरताना मात्र त्या मोडत नसत. रस्त्यावरच्या शर्यतीची बारीक टायरची सायकल त्या दगडांत पहिल्याच वळणावर बसली असती.

फायर रोड हा शब्द तिथे सारखा कानावर येतो. वणव्याच्या वेळी बंब आणि माणसं आत जावीत म्हणून डोंगरभर बुलडोझरने काढलेले कच्चे रस्ते. रुंद, खडबडीत, कुठे कुठे छातीवर येतील इतके तीव्र. फेअरफॅक्स गावाच्या पश्चिमेला कॅस्केड कॅन्यनमध्ये असाच एक रस्ता उतरतो. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट. या रस्त्यासाठी मी मुद्दाम फेअरफॅक्सला गेले.

कारण त्याचं नाव रीपॅक, आणि ते नाव हबवरून पडलेलं आहे.

या जुन्या श्विनना हातात ब्रेक नसे. मागच्या चाकाच्या हबमध्येच कोस्टर ब्रेक असे: मॉरो, न्यू डिपार्चर, बेंडिक्स अशा कंपन्यांचा. पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. आपल्याकडे असला ब्रेक विरळाच. आमच्या दुकानात एकदा एका परदेशी विद्यार्थ्याची अशी सायकल आली होती, तेव्हा वडिलांनी हब खोलून, सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडून, आम्हा भावंडांना बोलावून दाखवले होते. चेनचं चक्र ज्या तुकड्यावर बसतं त्याला आतून जाड आटे असतात. पुढे पायडल मारलं की त्या आट्यांवरचा कोन एका बाजूला सरकून हबला पकडतो आणि चाक फिरतं. उलटं दाबलं की तोच कोन दुसऱ्या बाजूला सरकतो, ब्रेकचे पितळी नाहीतर पोलादी जबडे फाकवतो, आणि ते हबच्या आतल्या भिंतीला घासतात. धातूवर धातू. मध्ये फक्त ग्रीस. शहरात चौकाचौकात थांबायला याहून सुटसुटीत व्यवस्था नाही: वायर तुटायची नाही, रबर झिजायचं नाही, पावसापाण्याची भीती नाही.

पण तेराशे फूट सतत उतरताना हे जबडे मोकळे असे होतच नाहीत. हब तापतो. आधी ग्रीस पातळ होतं आणि कडेने गळायला लागतं, मग त्याचा धूर निघतो. धुराची रेघ मागे सोडत सायकलवाला खाली पोचायचा तोवर हब कोरडा ठणठणीत, किंचाळणारा, हात लावाल तर फोड येईल असा. पुन्हा वर जायचं तर हब खोला, धुवा, नवं ग्रीस भरा, म्हणजे रीपॅक करा. रस्त्याचं नाव त्यावरून पडलं. आमच्या दुकानात या कामाला ओव्हरहॉलिंग म्हणत आणि ते दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीआधी, भाड्याच्या सायकलींचं, वर्षातून एकदा-दोनदा होई. घमेल्यात रॉकेल, त्यात छर्रे टाकायचे, जुन्या ब्रशने कप घासायचे, काळं पाणी ओतून पुन्हा रॉकेल, मग फडक्यावर छर्रे वाळवायचे, आणि पिवळं ग्रीस बोटाने कपात दाबून त्यात एकेक छर्रा चिकटवायचा. माझी बोटं बारीक म्हणून शेवटचं काम माझ्याकडे. जे आम्ही वर्षाचं काम म्हणून करायचो ते ही पोरं एका उताराला करत होती. हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं.

२१ ऑक्टोबर १९७६ ला या रस्त्यावर पहिली शर्यत झाली. खाली उतरताना सगळ्यात जलद कोण, यावरून रोज वाद व्हायचे, ते एकदाचे मिटवायचे एवढाच उद्देश. घाटात शर्यत म्हटली की मला मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि बोरघाट चढणारे गडी आठवतात. तिथे मान चढणाऱ्याला. इथे उलटं. एकेकाला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडायचं आणि वर-खाली जुळवलेल्या घड्याळांवर वेळ मोजायची. पहिली शर्यत ॲलन बाँडने जिंकली. शर्यती भरवण्याचा, नोंदी ठेवण्याचा खटाटोप चार्ली केली करायचा. हा एका रॉक बँडचं सामान वाहणारा, ध्वनिक्षेपक लावणारा माणूस. त्याच्या वह्या राहिल्या म्हणून आज आपल्याला आकडे माहीत आहेत: गॅरी फिशरचा विक्रम ४ मिनिटं २२ सेकंद, जो ब्रीझचा ४ मिनिटं २४ सेकंद. १९७९ पर्यंत शर्यती होत राहिल्या, मग १९८३ आणि १९८४ मध्ये पुन्हा एकेकदा, आणि संपलं.

आणि वेंडी क्रॅग. या टोळक्यात सुरुवातीला ती एकटीच बाई. इतरांसारखीच पन्नास पौंडी धूड घेऊन ती डोंगरात जायची, आणि गळ्यात कॅमेरा. त्या काळाची जी छायाचित्रं आज सगळीकडे दिसतात, जीन्स, जाड बूट, हेल्मेटचा पत्ता नाही, मागे धुळीचा लोट, त्यांतली कितीतरी तिची आहेत. इतिहासात नाव कुणाचं राहिलं? कंपन्या काढणाऱ्यांचं. तो दिसला कुणामुळे? तिच्यामुळे. भाचीला फिशर माहीत होता, ब्रीझ माहीत होता, वेंडी क्रॅग माहीत नव्हती. दुकानात रिम सरळ करणारी मुलगी मी होते, गिऱ्हाईक मात्र “बाबा कुठायत?” असंच विचारायचं. तेव्हा हे मला जरा जास्तच लागतं, ते वाचकांनी चालवून घ्यावं.

पुढचा प्रकार ब्रेकनेच घडवला असं माझं मत आहे. कोस्टर ब्रेकच्या चाकाला त्या काळी डिरेल्युअर गिअर बसवणं म्हणजे आडातून पोहरा काढायला दोरीच नसणं. पायडल उलटं दाबून थांबायचं, तर चेन दोन्ही दिशांनी ताणलेली हवी. गिअर पाडायचे, तर चेन सैल सोडायला जागा हवी. दोन्ही एकत्र होत नाही. म्हणजे जोवर ब्रेक पायात आहे तोवर चढ ढकलतच चढायचा. ब्रेक हातात आणला की मागचं चाक मोकळं होतं, आणि त्या मोकळ्या चाकावर गिअर चढतात. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅलीत एक सायक्लोक्रॉस शर्यत झाली, तिला दक्षिणेकडच्या कूपर्टिनो गावातून मॉरो डर्ट क्लबची काही पोरं आली होती. नाव मॉरो ब्रेकवरून घेतलेलं, पण त्यांच्या सायकलींवर तो ब्रेक नव्हताच: ड्रम ब्रेक, डिरेल्युअर, हँडलवर अंगठ्याने हलवायच्या लिव्हर. मरीनच्या लोकांनी ते पाहिलं. कूपर्टिनोवाले नंतर त्या नादातून बाहेर पडले आणि इतिहासातूनही. गॅरी फिशरने मात्र आपल्या जुन्या श्विनवर ड्रम ब्रेक आणि गिअर चढवले, आणि एकदम लक्षात आलं की आता ट्रक नको. ज्या सायकलीवरून उतरायचं तिच्यावरूनच चढताही येतं.

हे ‘पहिलं कुणी केलं’ प्रकरण तसं निसरडंच. १८९७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या २५ व्या इन्फंट्रीतले कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉसच्या हाताखाली मोंटानातल्या मिझुलाहून सेंट लुईसपर्यंत सुमारे एकोणीसशे मैल सायकलवरून गेले, आणि त्यात धड रस्ता थोडाच. पॅरिसजवळ १९५० च्या दशकात काही तरुण सायकलींना शॉक ॲब्सॉर्बर लावून मोटोक्रॉससारखे चिखलात खेळत. इंग्लंडमध्ये १९५५ मध्ये रफ-स्टफ फेलोशिप निघाली, तिचे सभासद सायकली खांद्यावर मारून डोंगर ओलांडत. पुण्यात दूधवाला, मागे दोन किटल्या लटकवून, खडकवासल्याच्या बाजूच्या गाडीवाटेने यायचा, त्याचं नाव कोण घेणार? मरीनचं वेगळेपण एवढंच की तिथे ओळीने पाच-सहा जण असे निघाले, ज्यांना दुरुस्तीही यायची आणि विकताही यायचं.

जो ब्रीझ हा रस्त्यावरचा शर्यतपटू आणि फ्रेम बांधणारा. केलीने त्याच्यामागे लकडा लावला की जुन्या श्विनच्या फ्रेमी मोडायला लागल्यात, नवीनच बांध. १९७७ च्या शरदात त्याने क्रोमॉली नळ्यांची, सगळे सुटे भाग नवे कोरे असलेली सायकल उभी केली आणि रीपॅकवर पळवली. पुढच्या वर्षापर्यंत तशा दहा झाल्या. त्यातली पहिली आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. या ब्रीझरवर ब्रेक कँटिलिव्हर: रिमला दोन बाजूंनी दाबणारे, रबरी गुटक्यांचे. तापायचं ते हबऐवजी उघड्या वाऱ्यात फिरणारं रिम. माझा प्रश्न तिथे सुटला. १९७९ मध्ये टॉम रिची नावाच्या पालो आल्टोच्या पोराने, जो विशीच्या उंबरठ्यावरच उत्तम फ्रेम बांधत होता, काही फ्रेमी केल्या, आणि त्या विकायला फिशर-केलीने एका भाड्याच्या गराजमध्ये कंपनी काढली. कंपनीचं नाव माउंटनबाइक्स. त्या सायकलींची यादी वाचताना मला आमच्या दुकानातली फळी आठवली: ब्रेक फ्रेंच माफाकचे, लिव्हर जर्मन मागुराच्या आणि त्याही मोटरसायकलच्या, क्रँक फ्रेंच, गिअर जपानी सनटूरचे. एका देशात, एका कंपनीकडे, असा पूर्ण सेटच मिळत नव्हता. किंमत तेराशे डॉलरच्या पुढे. नावाचा ट्रेडमार्क काही त्यांना मिळाला नाही, आणि म्हणून आज ते नाव कुणाच्याही मालकीचं नाही.

मग १९८१. स्पेशलाइज्ड कंपनीच्या माइक सिन्यार्डने रिचीच्या काही सायकली घेतल्या, त्यांवर बेतून जपानमध्ये फ्रेमी बनवून घेतल्या आणि स्टंपजंपर नावाने साडेसातशे डॉलरला विकल्या. गराजवाल्यांचा काळ तिथे संपला. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे: १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिक, आणि आज पुण्यातल्या दुकानांतही गिअरच्या, शॉकअपच्या, माउंटन बाइक म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकली, ज्या सोसायटीच्या पार्किंगपलीकडचा डोंगर कधी बघत नाहीत.

घरचं भांडण याहून रंगतदार आहे. टॅमवर सायकलवाले येण्याआधी चालणारे होते. मिल व्हॅलीहून डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत धावायची डिप्सी शर्यत १९०५ पासूनची. डोंगर जपायला चालणाऱ्यांनी १९१२ मध्ये संस्था काढली आणि अरुंद पायवाटा राखल्या त्यांनीच, सुट्टीच्या दिवशी कुदळी घेऊन. त्याच वर्षी पाणीपुरवठ्याची जिल्हा संस्था स्थापन झाली. डोंगराचा मोठा भाग तिचं पाणलोट क्षेत्र आहे. १९८० च्या दशकात सायकली हजारोंनी आल्या, तेव्हा या सगळ्यांचं म्हणणं सोपं होतं: हे लोक थांबत नाहीत. वळणावरून अंगावर येतात, घोडे बुजतात, आणि मागचं चाक लॉक करून घसरत थांबतात त्यामुळे वाटेला चऱ्या पडतात, चऱ्यांतून पाणी धावतं, वाट वाहून जाते. मग अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. फायर रोड उघडे राहिले, त्यांवर वेगमर्यादा ताशी १५ मैल, आंधळ्या वळणावर आणि कुणाच्या शेजारून जाताना ५. रेंजर झुडपाआडून रडार गन रोखून बसत. ज्या डोंगरावर ही सायकल घडली, तिथेच तिला बऱ्याचशा वाटा वर्ज्य, हे सायकलवाले अजून रागाने सांगतात. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही सायकल क्लबांनी मिळून वाटांच्या हक्कासाठी आंतरराष्ट्रीय संघटना काढली, ती या धगीतूनच.

मी निम्मी चालणाऱ्यांच्या बाजूची आहे. पुण्यात सायकलला बिल्ला, दिवा, घंटी लागायची. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस हवा काढून घ्यायचा. तेव्हा आम्ही चिडायचो, पण चालणाऱ्याला आवाज द्यायची सवय त्यातून लागली. भाचीने माझ्या हँडलला घंटी लावली तेव्हा मी ती प्रत्येक वळणावर वाजवली, रिकाम्या रस्त्यावरही. “मावशी, खारींना माहितीये आता,” ती म्हणाली. आणि तिनेच गणित घातलं: दोन मैल, ४ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे फिशर ताशी पंचवीस मैलांच्या वर होता. आजच्या नियमाने मरीनच्या सगळ्यात मोठ्या विक्रमाला तिकीटच फाटेल.

उरलेली निम्मी बाजू तिच्या संघामुळे. बर्कली हायस्कूलमधल्या मॅट फ्रिट्झिंगर नावाच्या गणिताच्या शिक्षकाने २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळांसाठी माउंटन बाइकची लीग सुरू केली. २००९ मध्ये तिची देशभराची संघटना झाली. या मुलांना आधी थांबायलाच शिकवतात. पुढचा ब्रेक कसा वापरायचा हे मला साठाव्या वर्षी सतरा वर्षांच्या पोरीकडून कळलं. आमचे वडील सांगायचे, आधी मागचा दाब, नाहीतर डोक्यावर पडशील. ते पुण्याच्या बाजारात रॉड ब्रेकच्या, उभ्या बैठकीच्या सायकलवर खरं होतं. उतारावर वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून मागचा दाबला की ते लॉक होऊन नुसतं घसरतं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाकच करतं. ढुंगण मागे, टाचा खाली, कोपरं सैल, पुढची लिव्हर हळूहळू. तीन-चार वळणं मी तिच्या ओरडण्याबरहुकूम घेतली आणि चाकाखालची खडी उडायची बंद झाली. रीपॅकवर पोरं मागच्या एकट्या ब्रेकवर आडवी घसरत जायची, यात बेफिकिरी किती आणि नाइलाज किती, हे मला त्या वळणांवर कळलं. पुढे ब्रेकच नव्हता त्यांना.

एका शनिवारी तिच्या संघाबरोबर वाट दुरुस्त करायला गेले. हातात मॅक्लाउड: एका अंगाने जाड फावडं, दुसऱ्या अंगाने दाताळं, मुळात वणवा विझवणाऱ्यांचं हत्यार. वाट बाहेरच्या अंगाला किंचित उतरती ठेवायची, म्हणजे पाणी तिच्यावरून धावत न जाता आडवं निघून जातं. आणि मध्ये मध्ये लांबट खोलगा काढायचा, सायकलला धक्का बसणार नाही पण पाण्याला तोंड मिळेल असा. आमच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर कुणीतरी चाक लॉक करून काढलेली लांबलचक चरी होती. भाचीने तिच्यात मुठीने माती ठोकली, शिव्या इंग्रजीत दिल्या. शेजारी चालणाऱ्यांच्या संस्थेतले एक आजोबा काम करत होते. दुपारपर्यंत दोघांचं पाण्याच्या उतारावरून भांडण चाललं: ती म्हणे तोंड इथे काढा, ते म्हणत दहा पावलं खाली. शेवटी तोंड दोन्हीकडे काढलं. तिथला पाऊस दिवाळीनंतर सुरू होतो, तोवर मी पुण्यात. पाणी कुठून गेलं त्याचा फोटो पाठव, असं तिला बजावून ठेवलंय. आजोबांच्या तोंडातून गेलं असेल तर पाठवणार नाही, असं ती म्हणते.